विकलेल्या फोनवर हक्क कोणाचा?

जुलै २००९मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या एतिसालात या दूरसंचार कंपनीने आपल्या ब्लॅकबेरी ग्राहकांना एक अपडेट पाठवले. याने फोन अधिक चांगला चालेल, असे सोबतच्या संदेशात म्हटले होते. कंपनीचे असे ग्राहक सुमारे १,४५,००० होते. ज्यांनी ते अपडेट बसवून घेतले, त्यांच्यापैकी अनेकांच्या फोनची बॅटरी भराभर उतरू लागली. तपासाअंती कळले की ते पाळतीचे सॉफ्टवेअर होते आणि ग्राहकाच्या ई-मेलची प्रत परस्पर बाहेर पाठवू शकत होते. ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कॅनडातल्या रिसर्च इन मोशन या कंपनीला, हे अपडेट आमचे नाही, असे जाहीर करावे लागले. ब्लॅकबेरी तेव्हा सर्वांत सुरक्षित फोन समजला जाई, आणि त्याचे कूटलेखन या प्रकरणात कोणीही फोडले नाही. ग्राहकाने स्वतःच परवानगी दिल्यावर फोडायचे काय? विकल्या गेलेल्या फोनमध्ये बदल करण्याचा अधिकार कोणाकडे राहतो आणि त्यातला मजकूर उघडण्याची किल्ली कोणाजवळ असते, या दोन प्रश्नांवरच स्मार्टफोनचा खासगीपणा आजवर टिकला किंवा बुडाला आहे. कॅमेरा, प्रोसेसर आणि जाहिरातीतला ‘सिक्युअर’ हा शब्द यांपेक्षा फोन घेताना पाहायचे ते हे.

भारतातले ब्लॅकबेरी प्रकरण याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. २६/११च्या हल्ल्यानंतर सुरक्षा यंत्रणांना या फोनवरचे संदेश वाचता यायला हवे होते. ऑगस्ट २०१०मध्ये केंद्र सरकारने ३१ तारखेची मुदत घातली. मार्ग काढा, नाहीतर सेवा बंद करू, असा इशारा दिला. कंपनीचे उत्तर असे की कार्यालयीन ई-मेलची किल्ली ग्राहक-कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर तयार होते. आमच्याकडे ती नाहीच, तर देणार कुठून? हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरे होते. पण तरुणांमध्ये लोकप्रिय असलेल्या बीबीएम या संदेशसेवेची गोष्ट वेगळी होती. सर्वसाधारण ग्राहकांचे बीबीएम संदेश जगभर एकाच सामाईक किल्लीने झाकले जात. कॅनडाच्या पोलिसांना ती किल्ली मिळाली होती, हे २०१६मध्ये तिथल्या न्यायालयीन कागदपत्रांतून बाहेर आले. भारतात बीबीएमसाठी मुंबईत सर्व्हर बसवला गेल्याचे २०१२मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे एकाच बनावटीचा फोन एखाद्या बँकेच्या अधिकाऱ्याच्या हातात बंद पेटी होता आणि महाविद्यालयीन मुलाच्या हातात जवळपास उघडा. ‘अमुक फोन सुरक्षित आहे’ हे विधान त्यामुळे नेहमीच अर्धवट असते.

मजकुराच्या किल्लीइतकीच महत्त्वाची दुसरी किल्ली असते, अपडेटवर डिजिटल सही करण्याची. आजचा कोणताही चांगला फोन बनवणाऱ्याची सही नसलेली ऑपरेटिंग सिस्टिम मुकाट्याने चालू देत नाही. या सहीचे मोल जगाला कळले ते फेब्रुवारी २०१६मध्ये. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथल्या गोळीबारातल्या एका हल्लेखोराचा आयफोन ५सी एफबीआयच्या ताब्यात होता. पासकोड वारंवार चुकला तर त्यातली माहिती पुसली जाण्याची शक्यता होती. ही मर्यादा काढून टाकणारी ऑपरेटिंग सिस्टिम ॲपलने तयार करावी, असा आदेश न्यायालयाने दिला. असे सॉफ्टवेअर लिहिणारे अभियंते सरकारलाही मिळाले असते; फोनने ते स्वीकारावे यासाठी लागणारी सही मात्र फक्त ॲपलकडे होती. कंपनीने नकार दिला. २८ मार्चला सरकारने, तिऱ्हाइताच्या मदतीने फोन उघडला, असे सांगून अर्ज मागे घेतला. ॲपलने सही केली नाही हे खरे, पण करायची की नाही हे ठरवणारी तीच होती, हेही तितकेच खरे. ज्याच्याकडे सही आहे त्याच्यावर उद्या कोणता कायदा आणि कोणते सरकार दडपण आणू शकेल, हा प्रश्न फोन घेणाऱ्याने विचारलाच पाहिजे.

मग अपडेटच घेऊ नये का? हा आक्षेप स्वाभाविक आहे, पण अँड्रॉइडचा इतिहास त्याला सडेतोड उत्तर देतो. जुलै २०१५मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रुटी उघड झाल्या. नुसता एक एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरता येईल अशी ती स्थिती होती, आणि धोक्यात असलेल्या फोनची संख्या सुमारे ९५ कोटी सांगितली गेली. दुरुस्ती गूगलकडे तयार होती. पण ती चिप बनवणाऱ्या, मग हँडसेट बनवणाऱ्या आणि काही देशांत मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीच्या हातांतून गेल्यावरच ग्राहकापर्यंत पोचे, आणि असंख्य फोनपर्यंत ती कधीच पोचली नाही. त्यानंतर, ऑगस्ट २०१५पासून, गूगलने दरमहा सुरक्षा-अपडेट काढायला सुरुवात केली. म्हणजे दुरुस्त करणारा हात नसणे हा धोका त्या हाताच्या गैरवापराइतकाच मोठा आहे, आणि सामान्य माणसाच्या वाट्याला तोच जास्त वेळा येतो.

दुसरा आक्षेप पेगॅसस या पाळतीच्या सॉफ्टवेअरचा. महागडे आयफोनही फोडले गेले. मग निवडीला अर्थ काय? २०१९मध्ये व्हॉट्सॲपमधल्या त्रुटीतून पेगॅससने लक्ष्य केलेल्यांत भीमा-कोरेगाव प्रकरणाशी संबंधित वकील आणि कार्यकर्तेही होते, तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारातला आहे. अभेद्य फोन कोणीच विकत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण ऑगस्ट २०१६मध्ये अमिरातीतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांनी पेगॅससचा सापळा असलेला संशयास्पद संदेश टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेकडे पाठवला, त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत ॲपलने आयओएस ९.३.५ काढले आणि कंपनी ज्यांना अपडेट देत होती त्या साऱ्या आयफोनना ते एकाच वेळी मिळू लागले. त्रुटी सापडणे आणि ती बुजणे यांमधला काळ जितका कमी, तितका हल्लेखोराचा खर्च जास्त. निवडीने एवढेच साधते, आणि ते थोडके नाही.

कोणत्याच बड्या कंपनीवर विसंबायचे नाही, असे ठरवणारेही या नियमातून सुटत नाहीत. गुन्हेगारांमध्ये खपलेला ‘अ‍ॅनॉम’ हा खास गुप्त फोन एफबीआयच चालवत होती. प्रत्येक संदेशाची प्रत तिच्याकडे जात असे. जून २०२१मध्ये हे जाहीर झाले, तेव्हा १२,०००हून अधिक फोन वापरात येऊन गेले होते. गुन्हेगार पकडले गेले याचा आनंदच आहे, पण अनोळखी विक्रेत्याकडून गुप्तता विकत घेणे किती पोकळ आहे हेही त्यातून दिसले. मुक्त स्रोताची बाजू अधिक प्रामाणिक आहे, तरी सहीचा प्रश्न तिथेही उरतोच. सुरक्षेवर भर देणाऱ्या कॉपरहेडओएस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन संस्थापकांचे २०१८मध्ये फाटले, आणि मुख्य विकासकाने सहीच्या किल्ल्या नष्ट केल्या. त्याच कामातून पुढे ग्राफीनओएस उभे राहिले. ते आजवर गूगलच्या पिक्सेल फोनवरच चालत आले आहे. कारण त्या फोनमध्ये दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून, तिच्या सहीनिशी फोन पुन्हा कुलूपबंद करता येतो.

राहिला पैशांचा मुद्दा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. भारतात बहुतेकांचा फोन स्वस्त अँड्रॉइड असतो, आणि अशा फोनना पूर्वी दोन-तीन वर्षांपलीकडे अपडेट क्वचितच मिळत. ऑक्टोबर २०२३मध्ये गूगलने पिक्सेल ८साठी आणि जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४साठी सात वर्षांचे वचन दिले. सॅमसंगच्या बऱ्याच स्वस्त ए१६ ५जीलाही सहा वर्षांचे मिळाले. त्यामुळे मध्यम बजेटमध्येही निवड करता येते. जुना फोन घेणाऱ्याने सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा-अपडेटची तारीख पाहावी आणि ती वर्षभरापूर्वीची असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो फोन सोडून द्यावा. पण हा भार एकट्या ग्राहकाने का वाहावा? युरोपीय संघात २० जून २०२५पासून, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट देणे उत्पादकांवर बंधनकारक झाले आहे. मुंबईतल्या रिक्षाचालकाच्या फोनमध्येही बँक खाते असते, आणि तीच हमी त्यालाही मिळायला हवी.