झाकलेल्या विंडोचा हिशेब

अ‍ॅपलची काही मंडळी १९७९ साली झेरॉक्सचं पालो आल्टोमधलं संशोधन केंद्र पाहायला गेली. त्यांत बिल अ‍ॅटकिन्सन हा प्रोग्रामर होता. तिथल्या पडद्यावर एकमेकींवर चढलेल्या विंडो बघून त्याची समजूत झाली की, अर्धवट झाकलेल्या विंडोतही मागच्या मागे चित्र काढायची युक्ती झेरॉक्सला साधली आहे. ती साधली नव्हती! पण ‘त्यांना जमलंय, मग आपल्याला का नाही’ म्हणत अ‍ॅटकिन्सनने ती शोधून काढली. अज्ञान असं क्वचितच कामी येतं.

काम सोपं नव्हतं. पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. वरच्या विंडोने ठिपके व्यापले की खालच्या विंडोचं तिथलं चित्र पुसलं जातं. प्रत्येक विंडोचं अख्खं चित्र मेमरीत वेगळं ठेवावं, तर मेमरी कुठे होती? १९८४च्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा, निव्वळ काळा-पांढरा. तरी त्यावरच्या चित्राला २१,८८८ बाइट लागत, आणि एकूण मेमरी होती १२८ किलोबाइट. सहावा हिस्सा तिथेच संपला.

अ‍ॅटकिन्सनचा तोडगा म्हणजे ‘रीजन’. विंडोचा उघडा भाग कितीही वेडावाकडा असो, त्याची कड जिथे बदलते तेवढ्याच जागा आकड्यांत टिपायच्या आणि रेघ, अक्षर, चित्र त्या कडेच्या आतच उमटवायचं. वरची विंडो सरकली की खालच्या प्रोग्रामला निरोप जाई: एवढा तुकडा पुन्हा काढ. याच चित्रप्रणालीचं नाव क्विकड्रॉ. ती आधी अ‍ॅपलच्या लिसा संगणकावर आली, मग मॅकिंटॉशवर.

यातली लंबवर्तुळंही कंजूषपणे काढलेली. मोटोरोला ६८००० प्रोसेसरला अपूर्णांकांचं गणित थेट येत नसे आणि वर्गमूळ काढणं वेळखाऊ. म्हणून अ‍ॅटकिन्सनने विषम संख्यांच्या बेरजेतून वर्ग मिळवले: १ अधिक ३ म्हणजे ४, त्यात ५ मिळवले की ९. स्टीव्ह जॉब्जचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. गोल कोपऱ्यांचे आयत हवेत म्हणून त्याने अ‍ॅटकिन्सनला बाहेर नेऊन रस्त्यावरच्या पाट्यांचे कोपरे दाखवले. दुसऱ्या दिवशी ते आयतही पडद्यावर आले.

मेमरी स्वस्त झाल्यावर ही काटकसर मागे पडली. २००१च्या मॅक ओएस एक्सने प्रत्येक विंडोचं चित्र खुशाल वेगळं साठवलं. पुढच्याच वर्षी ती चित्रं एकावर एक रचण्याचं काम ग्राफिक्स कार्डकडे गेलं. क्विकड्रॉच्या असेंब्ली भाषेतल्या १७,१०१ ओळी २०१०पासून माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने सर्वांना वाचायला खुल्या केल्या आहेत.