गोचीड चावली? 'लाइम टेस्ट' बुक करण्याआधी हे वाचा

गोचीड चावल्यावर काय करावं, हे मोबाईलवर इंग्रजीत शोधलं की बहुतेक उत्तरं एकाच आजाराची येतात: लाइम डिसीज. आमच्या धाराशिव जिल्ह्यात उस्मानाबादी शेळ्या, गाई-म्हशी आणि कुत्री घरोघरी, त्यामुळे गोचीड काही नवी नाही. मध्यंतरी एका मित्राने ही टेस्ट ॲपच्या कार्टमध्ये टाकली आणि मला विचारलं, "करून घेऊ का?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण टेस्ट नक्की काय मोजते हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो, म्हणून हा लेख.

लाइम म्हणजे काय?

लाइम हे अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातलं गाव. १९७० च्या दशकात तिथल्या मुलांमध्ये सांधे सुजण्याचे बरेच रुग्ण एकदम आढळले, त्यावरून हे नाव पडलं. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना त्यामागचा जिवाणू गोचिडीत सापडला. तो पसरवते 'इक्सोडीस' गटातली गोचीड. आपल्या जनावरांवर दिसतात त्या मुख्यतः 'रिपिसेफॅलस' आणि 'हायलोमा' गटातल्या. भारतात लाइमच्या नोंदी आहेत, पण तुरळक.

टेस्ट काय मोजते?

नेहमीची लाइम टेस्ट जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी शोधते. म्हणजे चोर नाही, सर्व्हरच्या लॉगमधली नोंद. त्यामुळे तीन गोष्टी होतात:

- लवकर केली तर फसवी: अँटीबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात. चावल्यावर दुसऱ्या दिवशीचा 'निगेटिव्ह' काहीच सांगत नाही.
- उशिराही फसवी: आजार बरा झाल्यावरही अँटीबॉडी काही वर्षं राहू शकतात.
- एका टप्प्यात पूर्ण नाही: आधी एलायझा, ती पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तरच दुसरी टेस्ट, बहुतेकदा वेस्टर्न ब्लॉट.

जिथे लाइम खरोखर पसरलेला आहे, तिथे चावल्याजागी वाढत जाणारा ठरावीक लाल चट्टा दिसला तर डॉक्टर टेस्टची वाट न बघता उपचार सुरू करतात.

पॉझिटिव्ह म्हणजे झालाच का?

साधं गणित करू. समजा, १००० लोकांत खरा रुग्ण १ आहे आणि टेस्ट निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. मग सुमारे ५० खोटे पॉझिटिव्ह आणि खरा फक्त १! टेस्ट तीच, पण आजार जिथे दुर्मीळ तिथे तिच्या 'पॉझिटिव्ह'ला वजन कमी.

मग आपल्याकडे लक्ष कशावर ठेवायचं?

- इंडियन टिक टायफस: कुत्र्यावरच्या गोचिडीतून होऊ शकतो. ताप, डोकेदुखी आणि पुरळ. पुरळ तळहात-तळपायांवरही येतं.
- माकडताप (केएफडी): १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात याची साथ आली होती. तिकडच्या जंगलात जाऊन आला असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा.
- काँगो ताप: भारतात पहिली खात्रीशीर नोंद २०११, गुजरात. हायलोमा गोचीड आणि बाधित जनावराचं रक्त, दोन्हींतून पसरतो.
- स्क्रब टायफस: हा गोचिडीचा नव्हे, गवतातल्या बारीक किड्याच्या अळीचा. चावल्याजागी काळी खपली दिसू शकते.

टिक टायफस आणि स्क्रब टायफसवर डॉक्सीसायक्लिन हे स्वस्त औषध चालतं, पण ते वेळेत मिळायला हवं. नुसत्या संशयावरही डॉक्टर ते सुरू करतात, कारण सुरुवातीला यांच्याही अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकतात. खरा धोका इथे आहे. लाइमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त घरी बसायचं आणि ताप भलत्याच आजाराचा निघायचा. पैसे गेले तर गेले, चार दिवस वाया गेले तर जिवावर बेतू शकतं.

चावल्यावर काय कराल?

१. बारीक टोकाच्या चिमट्याने, त्वचेला अगदी लागून पकडून सरळ वर ओढा. रॉकेल, काडीचा चटका नको.
२. नखाने किंवा बोटाने चिरडू नका. गावाकडे ही सवय सर्रास आहे, पण काँगो तापाचा विषाणू असाही शरीरात शिरू शकतो.
३. जागा आणि हात साबणाने धुवा.
४. गोचिडीचा आणि चावल्याजागेचा फोटो काढा. तारीख आपोआप सेव्ह होते.
५. पुढचे चार आठवडे ताप आणि पुरळ यांवर लक्ष ठेवा. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावा.

ताप आला तर लगेच जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालय गाठा आणि स्वतःहून सांगा: गोचीड कधी चावली, कुठे चावली, कोणत्या जनावरांत वावर होता. कोणती टेस्ट करायची हे त्या माहितीवरून डॉक्टरांना ठरवू द्या. मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका. ताप, पुरळ काहीच नसेल, तर कार्टमधली ती टेस्ट खुशाल डिलीट करा.