निवृत्तीपूर्वी आरोग्य विम्याची निवड: कोणती सरकारी योजना कोणासाठी?

निवृत्तीचा दिवस जवळ आला की भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन ह्यांची कागदपत्रे आपण काळजीपूर्वक गोळा करतो. आरोग्य विम्याचा विचार मात्र बहुधा पहिल्या मोठ्या आजारपणातच होतो. तोपर्यंत कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपलेला असतो. मग साठवलेली पुंजी रुग्णालयात जाते, प्रसंगी वाडी किंवा दागिने गहाण टाकावे लागतात. म्हणून निवृत्तीला निदान एक वर्ष असतानाच आपला हक्क कोणत्या योजनेत बसतो हे प्रत्येकाने पाहावे, अशी आमची विनंती आहे. धर्मप्रांतातील बंधुभगिनींच्या माहितीसाठी प्रमुख सरकारी योजना येथे देत आहोत.

कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय)

कारखाने, दुकाने, खासगी आस्थापना ह्यांतील दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणारे कर्मचारी ह्या योजनेत येतात. निवृत्तीनंतर हे कार्ड निरुपयोगी होते, असा समज आहे. तो बरोबर नाही. किमान ५ वर्षे विमाधारक राहून नियत वयोमानानुसार किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेल्या व्यक्तीला, वर्षाला १२० रुपये एकरकमी भरून, स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा घेता येते. दवाखान्यातील तपासणी, औषधे आणि रुग्णालयातील उपचार हे सर्व त्यात येते. इतक्या अल्प रकमेत रोजची औषधेही देणारी दुसरी योजना आम्हाला ठाऊक नाही.

वेतन मर्यादेबाहेर गेल्यामुळे जे योजनेतून बाहेर पडले, त्यांच्यासाठी महामंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सवलत मंजूर केली. १ एप्रिल २०१२ नंतर किमान ५ वर्षे विमाधारक असलेले आणि १ एप्रिल २०१७ रोजी वा त्यानंतर दरमहा ३०,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर निवृत्त झालेले तिला पात्र ठरतात. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तेव्हा अर्जाचा नमुना व रक्कम जवळच्या शाखा कार्यालयात विचारून घ्यावी. निवृत्तीचा दाखला मालकाकडून नोकरीत असतानाच मिळवावा. कंपनी बंद पडल्यावर तो मिळवणे कठीण जाते.

केंद्र सरकार, रेल्वे व सैन्यदल

केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांसाठी सीजीएचएस ही योजना आहे. तिची वर्गणी दरवर्षी भरता येते किंवा १० वर्षांची रक्कम एकदम भरून आजीवन कार्ड घेता येते. सीजीएचएसच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्यांना बाह्यरुग्ण उपचारांऐवजी दरमहा १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता घेऊन, रुग्णालयातील उपचारांसाठी मात्र कार्ड ठेवता येते. मधुमेह, रक्तदाब अशा आजारांची औषधे रोज लागत असतील, तर भत्ता स्वीकारण्यापूर्वी महिन्याच्या औषधांचा खर्च मांडून पाहावा.

रेल्वेतून निवृत्त होणाऱ्यांसाठी आरईएलएचएस ही योजना आहे. तिचे अंशदान निवृत्तीच्या वेळी एकदाच भरावे लागते. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना

खासगी बँक, लहान कंपनी किंवा स्वतःचा व्यवसाय ह्यांतून निवृत्त होणाऱ्यांना वरीलपैकी काहीच मिळत नाही. त्यांच्यासाठी राज्याची ही योजना महत्त्वाची आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ह्या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली. १ जुलै २०२४ पासून पांढरे रेशनकार्ड असलेल्यांसह राज्यातील सर्व कुटुंबांना तिचा लाभ मिळू लागला असून विमा संरक्षण प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपये आहे. मात्र उपचार ठरलेल्या यादीतील असावे लागतात आणि रुग्णालय योजनेशी संलग्न असावे लागते. रेशनकार्डावरील नाव व आधारकार्डावरील नाव जुळते का, हे आजच तपासावे. लग्नापूर्वीचे नाव किंवा स्पेलिंगमधील फरक ऐन वेळी अडचणीचा ठरतो.

सत्तरीनंतर: आयुष्मान वय वंदना कार्ड

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत उपलब्ध आहेत. पतिपत्नी दोघेही सत्तरीपुढील असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते. पूर्वीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाल नाही. वय आधारकार्डावरून ठरते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ईएसआय किंवा खासगी विमा असलेल्यांना हे कार्डही घेता येते. सीजीएचएस किंवा ईसीएचएसच्या लाभार्थींना मात्र दोहोंपैकी एकाच योजनेची निवड करावी लागते. आयुष्मान योजनेत बाह्यरुग्ण उपचार व नेहमीची औषधे येत नाहीत. ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. तेव्हा केवळ ५ लाखांच्या आकड्याकडे पाहून जुने कार्ड सोडू नये.

मधली दहा वर्षे

अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी निवृत्ती आणि सत्तराव्या वर्षी वय वंदना कार्ड, ह्यांमधला काळच सर्वांत जोखमीचा असतो. ज्यांना ईएसआय किंवा नोकरीशी निगडित दुसरी योजना लागू नाही, त्यांनी राज्याच्या योजनेला जोड म्हणून खासगी पॉलिसीचा विचार पंचावन्नच्या सुमारासच करावा. आधीपासून असलेल्या आजारांसाठी तिच्यात ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाल असू शकतो. तो नोकरीतील विमा चालू असतानाच संपला, तर निवृत्तीच्या दिवशी संरक्षणात खंड पडत नाही.

निवडीपूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. जोडीदाराचे नाव योजनेत आहे का? रोजची औषधे मिळतील का? घराजवळचे कोणते रुग्णालय संलग्न आहे? आपल्या पश्चात जोडीदाराचे संरक्षण चालू राहील का? शेवटचा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही, आणि त्याची झळ घरातील विधवा मातेला बसते.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ मध्ये आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिन सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी पाळला जातो. त्या दिवशी ज्येष्ठांचा सत्कार जरूर व्हावा. त्याबरोबरच धर्मग्रामातील युवकांनी मिस्सानंतर एक मदतकेंद्र लावून आधार पडताळणी व कार्ड नोंदणीस साहाय्य करावे, असे आम्ही सुचवतो. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा अशा साध्या कामांतूनही पाळली जाते.

चौकशीसाठी दूरध्वनी: आयुष्मान भारत योजना १४५५५, महात्मा फुले योजना १५५३८८.