नामदेवांचे दूरचे सोयरे



माणूस परगावी गेला की येणेजाणे तुटते आणि हळूहळू स्नेहही विरतो, असा आपला सर्वांचा अनुभव आहे. मग ज्याचे आयुष्यच वाटेवर गेले, त्याने आपले मित्र राखावेत कसे? याचे उत्तर शोधण्यास आपणा मानवतकरांना फार दूर जावयास नको. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा जे नरसी गाव दाखविते, ते १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्या परभणी जिल्ह्यातच होते. त्यांच्या घरी वाढलेली जनाबाई तर गंगाखेडची.

नामदेवांचा पहिला मोठा स्नेह ज्ञानेश्वरांशी. एक शिंपी, दुसरा वाळीत पडलेल्या ब्राह्मणाचा मुलगा. दोघांनी मिळून तीर्थयात्रा केली असे परंपरा सांगते. शके १२१८ म्हणजे इ. स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. नामदेव त्यानंतर सुमारे चोपन्न वर्षे जगले. परंतु त्यांनी मित्राला विस्मृतीत जाऊ दिले नाही. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ ही त्यांच्या नावावरील अभंगांची प्रकरणे म्हणजे ज्ञानेश्वरांचे पहिले चरित्रच होय. त्यांतील कोणता अभंग नामदेवांचा आणि कोणता मागाहूनचा, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. पण मित्राची कथा गावोगाव गाण्याची रीत त्यांच्या नावाशी जडली, हे निश्चित.

दुसरा स्नेह चोखोबांचा. या मित्राला देवळाच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. परंपरा हे वर्ष शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ देते. नामदेव तेथे गेले, ढिगाऱ्यातून मित्राच्या अस्थी शोधल्या आणि पंढरपुरास महाद्वारासमोर समाधी बांधविली, असे सांगतात. जिवंतपणी ज्याला दाराबाहेर ठेवले, त्याला मित्राने निदान दारापर्यंत आणले. दार उघडावे म्हणून मात्र मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. एका मित्राने जे केले ते समाजाने करावयास सहा शतके लागली, ही गोष्ट आपण मनाला लावून घेतली पाहिजे.

पुढे पंजाब. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे नामदेवांनी दीर्घकाळ वास्तव्य केले असे तेथील लोक मानतात. तेथे ते परके राहिले नाहीत. तिकडच्या लोकांच्या बोलीत त्यांनी पदे रचली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांचा देह पंढरपुरास पडला की घुमानला, यावर आजही दोन मते आहेत. दोन्ही गावांनी ज्याला आपला म्हणावे, असा प्रवासी विरळा! २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा हे नाते पुन्हा उजळले.

त्या काळी ना टपाल होते ना आगगाडी. होती ती आषाढी-कार्तिकीची ठरलेली तिथी आणि वाळवंटाची ठरलेली जागा. वर्षभर कोण कोठेही हिंडो, भेट कोठे व्हावयाची हे दोघांनाही ठाऊक असे. आज मानवत रोड स्थानकावरून आपली मुले नोकरीधंद्यासाठी दूरदूर जातात. त्यांच्या हाती दूरध्वनी आहे, पण ठरलेली तिथी बहुधा नसते. मित्राशी एक तिथी ठरवावी, त्याच्या मागे त्याचे गुण गावे आणि त्याच्या अडचणीच्या जागी स्वतः जाऊन उभे राहावे. नामदेवांच्या चरित्रातून दूरच्या स्नेहाची रीत दिसते ती एवढीच. ती सोपी आहे असे मात्र कोणी समजू नये.