मायलेज रन

मायलेज रन म्हणजे गंतव्य स्थानी काही काम नसताना, मुख्यतः विमान कंपनीच्या नियमित प्रवासी योजनेतील मैल किंवा वरची श्रेणी मिळवण्यासाठी केलेला लांब पल्ल्याचा विमानप्रवास होय. असा प्रवासी बहुधा सर्वांत स्वस्त तिकीट काढतो, शक्य तितक्या वळणाच्या मार्गाने जातो आणि पुष्कळदा विमानतळाबाहेर पाऊलही न टाकता पुढच्या विमानाने परततो. केवळ श्रेणी राखण्यासाठी केलेल्या अशा प्रवासाला ‘स्टेटस रन’ असेही म्हणतात. ही प्रथा अमेरिकेत उदयाला आली. १९९० ते २०१५ हा साधारणपणे तिच्या भरभराटीचा काळ होता.

== नाव व एकक ==

मराठीत ‘मायलेज’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी रूढ आहे. एक लिटर इंधनात वाहन किती किलोमीटर धावते ते त्याचे मायलेज, आणि एखाद्या घटनेतून पुढाऱ्याला मिळणारा प्रसिद्धीचा लाभ हे राजकीय मायलेज. येथे अभिप्रेत असलेला अर्थ या दोहोंपेक्षा निराळा, म्हणजे खात्यावर जमा होणाऱ्या मैलांचा आहे. अर्थाच्या दृष्टीने ‘हेलपाटा’ हा मराठी शब्द जवळचा वाटतो, परंतु हेलपाट्यात काम न होता परतावे लागते, तर मायलेज रनमध्ये जाऊन परतणे हेच काम असते.

खात्यावरचा मैल हा मूळचा जमिनीवरील मैल, म्हणजे सुमारे १.६०९ किलोमीटर. वैमानिक ज्या सागरी मैलात अंतर मोजतात तो १.८५२ किलोमीटरचा असतो. भारताने १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली व पुढील काही वर्षांत रस्त्यांवरचे मैल गेले. विमान कंपन्यांच्या खातेवह्यांतून मात्र मैल पुन्हा भारतीयांच्या बोलण्यात आला. आता तर तो अंतराचे मापही राहिलेला नाही, कारण क्रेडिट कार्डावर किराणा घेतला तरी ‘मैल’ मिळतात.

== उगम ==

अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठवण्यात आले. भाडी व मार्ग ठरवण्यास कंपन्या मोकळ्या झाल्या आणि प्रवासी आपल्याकडे टिकवून ठेवण्याची निकड निर्माण झाली. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘एअडव्हांटेज’ ही योजना सुरू केली, त्याच महिन्यात युनायटेड एअरलाइन्सने ‘मायलेज प्लस’ आणली, आणि अल्पावधीतच प्रत्येक मोठ्या कंपनीची अशी योजना झाली.

या योजनांतील मूळचा नियम साधा होता: जितके मैल उड्डाण, तितके मैल खात्यावर. तिकिटाला किती पैसे पडले याचा त्या गणनेशी फारसा संबंध नव्हता. तेच अंतर कोणी दोन हजार डॉलर भरून कापो वा तीनशे, पुष्कळदा मैल सारखेच मिळत. मायलेज रनची सारी शक्यता या एका फटीतून निर्माण झाली. कंपनी भाडे ठरवताना स्पर्धा, ऋतू व रिकाम्या जागा पाहत होती, बक्षीस देताना मात्र केवळ नकाशा. या दोन हिशेबांतील तफावत ज्यांच्या ध्यानी आली त्यांनी तिचा लाभ घेतला. त्यात नियमभंग नव्हता.

== हिशेब ==

योजनेत दोन प्रकारचे मैल असतात आणि ते वेगळे ओळखल्याशिवाय हा प्रकार समजत नाही. पहिले खर्च करण्याचे मैल. त्यांच्या मोबदल्यात मोफत तिकीट किंवा वरच्या वर्गातील आसन मिळते. दुसरे श्रेणी ठरवणारे मैल. ते खर्च करता येत नाहीत, वर्षाअखेर पुसले जातात, परंतु त्यांवरून पुढील वर्षीचा मान ठरतो. अमेरिकन कंपन्यांत दीर्घकाळ २५,००० मैलांना पहिली, ५०,००० ला दुसरी व १,००,००० ला सर्वोच्च श्रेणी असे टप्पे होते. श्रेणीवान प्रवाशाला विमानात आधी प्रवेश, अधिक सामान, विश्रामकक्ष, जागा असल्यास वरच्या वर्गात बढती आणि प्रत्येक उड्डाणावर अधिलाभाचे मैल मिळत. वर्ष संपताना ४७,००० मैल झालेल्या प्रवाशाला उरलेल्या ३,००० मैलांचे मोल फार वाटे. त्यामुळे डिसेंबर हा मायलेज रनचा खरा हंगाम ठरला.

प्रवासाची किंमत ‘प्रतिमैल किती सेंट’ अशी काढली जाई. उदाहरणार्थ, १०,००० मैलांचा परतीचा प्रवास ३०० डॉलरला मिळाला तर मैलाला ३ सेंट पडले. प्रवासी आधीच वरच्या श्रेणीत असून त्याला शंभर टक्के अधिलाभ मिळत असेल, तर खर्च करण्याचे मैल २०,००० होत आणि दर दीड सेंटावर येई. असे मैल पुढे व्यवसाय वर्गाच्या महागड्या तिकिटासाठी वापरले की गुंतवणूक अनेक पटींनी परत आल्यासारखी वाटे. ‘वाटे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे: मैल नसते तर ते महागडे तिकीट त्या प्रवाशाने काढलेच नसते, आणि विमानात घालवलेल्या दोन दिवसांची मजुरी या हिशेबात कोणीच धरत नसे.

मार्ग जुळवणे हा या उद्योगातील कौशल्याचा भाग होता. आंतरराष्ट्रीय भाडेनियमांनुसार पुष्कळ तिकिटांवर दोन शहरांमधील कमाल अनुमत अंतर ठरलेले असते. त्या मर्यादेत राहून मधल्या एक-दोन शहरांतून वळसा घेतला तरी भाडे वाढत नाही, आणि चोवीस तासांपेक्षा कमी थांबा हा मुक्काम धरला जात नाही. सरळ मार्ग सोडून मुद्दाम वळसा शोधणे असे या प्रवाशांचे धोरण असे. स्वस्त तिकिटांच्या काही उपवर्गांना निम्मेच मैल मिळतात किंवा मुळीच मिळत नाहीत. म्हणून तिकिटावरचे वर्गाक्षर पाहणे भाडे पाहण्याइतकेच आवश्यक असे. काही योजनांत अंतराऐवजी उड्डाणांची संख्याही मोजली जाई, आणि तेव्हा उलट लहान टप्प्यांची तिकिटे सोयीची ठरत.

या काळातील गाजलेला प्रसंग म्हणजे २००० सालची ‘लॅटिनपास’ची योजना. लॅटिन अमेरिकेतील विमान कंपन्यांच्या या संयुक्त योजनेने सहभागी कंपन्यांतून ठरल्याप्रमाणे प्रवास पूर्ण करणाऱ्यास दहा लाख मैल देऊ केले होते, आणि केवळ त्यासाठी अनेकांनी मध्य व दक्षिण अमेरिकेची सलग उड्डाणे केली.

== उतरती कळा ==

डेल्टा (१ जानेवारी २०१५), युनायटेड (मार्च २०१५) व अमेरिकन (ऑगस्ट २०१६) या तिन्ही कंपन्यांनी खर्च करण्याचे मैल अंतरावर नव्हे, तर भरलेल्या भाड्यावर देण्यास आरंभ केला. श्रेणीसाठीही किमान खर्चाची अट आली. स्वस्त तिकिटावर लांब जाण्यातील लाभ त्यामुळे जवळजवळ नाहीसा झाला. तरीही भागीदार कंपन्यांच्या तिकिटांवर काही ठिकाणी अजून अंतरच मोजले जात असल्याने ही प्रथा पूर्णपणे लोपलेली नाही.

दरम्यान मैलांचा खरा ग्राहकही बदलला. बँका कार्डधारकांना वाटण्यासाठी विमान कंपन्यांकडून मैल घाऊक विकत घेतात, आणि त्यातून कंपन्यांना मोठे उत्पन्न मिळते. करोनाच्या साथीत, २०२० साली, युनायटेडने आपली मायलेज प्लस योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. त्या वेळी कंपनीने योजनेचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितले होते. विमाने जमिनीवर उभी असतानाही मैलांना किंमत होती.

== भारतात ==

भारतात अशा योजना १९९० च्या दशकात खासगी विमान कंपन्यांच्या आगमनाबरोबर रुजल्या. मुंबईस्थित जेट एअरवेजची ‘जेटप्रिव्हिलेज’, सरकारी कंपन्यांची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ आणि नंतर किंगफिशरची ‘किंग क्लब’ या त्यांतील प्रमुख होत. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी ‘स्टार अलायन्स’ या जागतिक संघात दाखल झाल्यावर तिच्या प्रवाशांना परदेशी कंपन्यांच्या उड्डाणांवरही गुण मिळू लागले. मुंबई–न्यूयॉर्क परतीचा प्रवास सुमारे १५,६०० मैलांचा होतो; अशा दोन वाऱ्यांत पहिली श्रेणी सहज ओलांडली जाई.

मैल साठवणाऱ्याला सर्वांत मोठा धोका कंपनी बुडण्याचा असतो, आणि भारतात तो दोनदा प्रत्यक्षात आला. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणे बंद पडली व किंग क्लबचे मैल निरुपयोगी झाले. जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी अमृतसरहून मुंबईला झाले, परंतु तिच्या सभासदांचे मैल टिकले. त्याचे कारण कंपनीच्या रचनेत होते. जेटप्रिव्हिलेज ही योजना काही वर्षांपूर्वीच वेगळ्या कंपनीकडे गेली होती आणि तिचे निम्म्याहून अधिक भाग अबू धाबीच्या एतिहाद एअरवेजने घेतले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती ‘इंटरमाइल्स’ झाली आणि सभासदांना जमा मैल हॉटेल, वस्तू वा इतर कंपन्यांच्या तिकिटांसाठी वापरता आले. वर्षानुवर्षे उड्डाणे करून मिळवलेल्या प्लॅटिनम श्रेणीला मात्र, विमानेच उरली नसल्याने, अर्थ राहिला नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेजच्या अवसायनाचा आदेश दिला.

हिशेबशास्त्राप्रमाणे न वापरलेले मैल हे कंपनीचे देणे असून ताळेबंदात तसेच दाखवावे लागतात. बहुतेक योजनांच्या अटींत मात्र मैल ही सभासदाची मालमत्ता नाही आणि त्यांचे दर कंपनी बदलू शकते, असे स्पष्ट लिहिलेले असते.

भारतातही अंतराकडून पैशाकडे झुकण्याचा क्रम तोच आहे. विस्तारा या कंपनीच्या योजनेत गुण खर्च केलेल्या रुपयांवर मिळत. एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये फ्लाइंग रिटर्न्सची तशीच पुनर्रचना केली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा तिच्यात विलीन झाली, आणि पुढे योजनेला ‘महाराजा क्लब’ हे नाव मिळाले. इंडिगोने स्वतःची ‘ब्लूचिप’ ही योजना २०२४ मध्येच आणली.

सरकारी खर्चाने केलेल्या प्रवासाचे मैल कोणाचे, हा प्रश्न केंद्र शासनाने निकालात काढला आहे. १३ जुलै २०१७ च्या प्रवासभत्ता आदेशानुसार असे मैल त्या विभागाच्या अन्य शासकीय प्रवासासाठीच वापरायचे असून खासगी वापर केल्यास विभागीय कारवाई होऊ शकते.

== नागपूर व अंतराचा प्रश्न ==

नागपूरचे मध्यवर्ती स्थान हा त्या शहराचा अभिमानाचा विषय आहे. मैल जमवणाऱ्याच्या दृष्टीने तीच अडचण ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून मुंबई हवाई मार्गाने सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, बंगळूर ८९०, चेन्नई ९१० व कोलकाता ९८५ किलोमीटर आहे. हैदराबाद तर जेमतेम ४३५. देशातील कोणतेही महानगर हजार किलोमीटरपलीकडे नाही. मुंबईची परतीची फेरी सुमारे ८५० मैलांची, म्हणजे २५,००० मैलांसाठी तीस फेऱ्या हव्यात. उड्डाणामागे किमान ५०० मैल देणाऱ्या जुन्या योजनांतही त्या पंचवीस होत. जेथून अंतरे मोजली गेली असे मानतात त्या शून्य मैलाच्या स्तंभाच्या गावी मैल साचणे अवघडच.

शिवाय नागपूरची बरीच देशांतर्गत उड्डाणे इंडिगोची आहेत आणि २०२४ पर्यंत त्या कंपनीची अशी श्रेणीयोजनाच नव्हती. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी आधी मुंबई वा दिल्ली गाठावी लागते. २०१५ मध्ये कतार एअरवेजची दोहा सेवा सुरू झाल्यावर सुमारे २,८०० किलोमीटरचा एक टप्पा नागपूरहून थेट उपलब्ध झाला. त्याच वर्षी मिहान प्रकल्पात बोइंग विमानांचे देखभाल केंद्र कार्यान्वित झाले. तेव्हापासून न्यूयॉर्क-सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्गावरची मोठी विमाने नागपुरास येतात ती दुरुस्तीसाठी, प्रवाशांविना.

येऊन लगेच परतणारी उड्डाणे मात्र नागपूरला नवी नाहीत. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्या व प्रवासी यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्या विमानांचेही नागपुरात काम नव्हते. नागपूर मध्यभागी होते, एवढेच.

विदर्भातील सर्वसाधारण कुटुंबाचा मैलांशी संबंध येतो तो परदेशी स्थायिक झालेल्या मुलांमुळे. मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना भेटण्यासाठी निघालेल्या आईवडिलांचे तिकीट पुष्कळदा मुला-जावयाच्या खात्यावरील मैलांतून काढलेले असते. हे मैल नोकरीतील फिरतीचे वा कार्डावरचे असतात, आणि ते ज्या सुटीत हवे असतात नेमक्या त्याच सुटीत बक्षिसाच्या जागा मिळत नाहीत, ही तक्रार सार्वत्रिक आहे.

== टीका ==

पर्यावरणाच्या बाजूने होणारी टीका सर्वांत गंभीर आहे. मुंबई–न्यूयॉर्क परतीच्या प्रवासात साध्या वर्गातील एका प्रवाशामागे एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मायलेज रनमध्ये त्या बदल्यात कोणाचीही भेट, काम वा पर्यटन घडत नाही. विमान तसेही जाणारच होते, हा प्रवाशांचा प्रतिवाद असतो. परंतु आसने भरली म्हणूनच मार्ग टिकतात, हेही तितकेच खरे. ब्रिटनच्या हवामान बदल समितीसाठी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधक रिचर्ड कारमायकेल यांनी २०१९ साली केलेल्या अहवालात हवाई मैलांच्या योजनांवर बंदीची शिफारस होती. नॉर्वेने २००२ ते २०१३ या काळात देशांतर्गत उड्डाणांवर मैल देण्यास मनाई केली होती, मात्र त्यामागचे कारण प्रदूषण नसून लहान कंपन्यांना स्पर्धेत वाव मिळावा हे होते.

== साहित्य व चित्रपट ==

वॉल्टर कर्न यांच्या ‘अप इन द एअर’ (२००१) या कादंबरीचा व तिच्यावरील २००९ च्या चित्रपटाचा नायक नोकरीनिमित्त सतत विमानात असतो. चित्रपटात ती भूमिका जॉर्ज क्लूनी यांनी केली आहे. एक कोटी मैल पूर्ण करणे ही त्या नायकाची आकांक्षा असते.