रूलेबेनमधला ‘मिकाडो’

जानेवारी १९१७. बर्लिनच्या पश्चिमेला, स्पान्डाऊजवळच्या एका शर्यतीच्या मैदानात तुम्ही उभे आहात. शर्यती केव्हाच बंद पडल्या. मैदानाभोवती काटेरी तार आहे, पहाऱ्यावर जर्मन शिपाई आहेत आणि जिथे घोडे बांधले जायचे त्या तबेल्यांत आता माणसं राहतात. घोड्याच्या एकेका खणात सहा जण. तिथेही जागा न मिळालेले वरच्या माळ्यावर. ही रूलेबेनची छावणी.

आत चार हजारांच्या आसपास पुरुष आहेत. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ते जर्मनीत होते आणि ब्रिटिश प्रजाजन होते, एवढाच त्यांचा अपराध. व्यापारी जहाजांवरचे खलाशी, विद्यार्थी, दुकानदार, जॉकी, फुटबॉल शिकवायला आलेले खेळाडू, संगीत शिकायला आलेली मुलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये ही छावणी सुरू झाली, तिला आता दोन वर्षं उलटून गेली आहेत. खटला झाला नाही, म्हणून शिक्षेला मुदतही नाही. युद्ध संपेल तेव्हा सुटका, आणि युद्ध कधी संपेल हे कुणालाच सांगता येत नाही.

तुम्ही चालू लागता. इथल्या रस्त्यांना, चौकांना कैद्यांनी लंडनमधली नावं दिली आहेत: हा बाँड स्ट्रीट, तो ट्रॅफल्गार स्क्वेअर. तारेपलीकडे बर्लिनमध्ये बटाट्याचं पीक बुडाल्यामुळे लोक सलगमासारख्या कंदावर दिवस काढताहेत. जर्मनीत हा हिवाळा त्याच कंदाच्या नावाने ओळखला जाणार आहे. तारेच्या आतल्यांना मायदेशाहून येणाऱ्या खाऊच्या पार्सलांनी तगवलं आहे. नाताळ नुकताच सरला आहे. इंग्लंडात असते, तर या दिवसांत कुठल्यातरी नाट्यगृहात किंवा चर्चच्या सभागृहात बसून यांनी खेळ पाहिला असता. इथे सगळे प्रेक्षकांच्या जुन्या स्टँडकडे निघाले आहेत, कारण त्याच्याखाली कैद्यांनी आपलं थिएटर उभारलं आहे. तुम्हीही त्यांच्यामागून आत शिरता. बाकावरचा एक माणूस सरकून तुम्हाला जागा करून देतो.

खेळ आहे ‘द मिकाडो’ या विनोदी ऑपेराचा. शब्द गिल्बर्टचे, संगीत सलिव्हनचं.

पडदा उघडण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. वादकांच्या पुढ्यात जे कागद आहेत, ते कुठल्या दुकानातून आलेले नाहीत. अर्नेस्ट मॅकमिलन हा कॅनडाचा तरुण १९१४ च्या उन्हाळ्यात संगीतासाठी जर्मनीत आला आणि अडकला. त्याने आणखी चार संगीतकारांना बरोबर घेऊन या ऑपेराची स्वरलिपी आठवणीतून पुन्हा लिहून काढली. दोन अंकांचा अख्खा ऑपेरा! गाण्याची चाल कुणालाही आठवते. पण समूहगानात मधले आवाज कुठून कुठे जातात, कडव्यांमधल्या जागेत कोणतं वाद्य काय बोलतं, हे आठवायला ते संगीत अंगात मुरलेलं असावं लागतं.

ते मुरलं कसं? ‘मिकाडो’ १८८५ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात आला आणि तिथे सलग ६७२ प्रयोग झाले. त्याचे निर्माते डॉयली कार्ट यांच्या फिरत्या मंडळ्यांनी तो गावोगाव नेला. व्यावसायिक प्रयोगांचे हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवले, पण हौशी संस्थांना परवानगी देत गेले. १८७९ मध्येच टेम्सकाठच्या किंग्स्टनमध्ये एका हौशी गायक मंडळाने गिल्बर्ट-सलिव्हन यांचाच ‘द सॉर्सरर’ केला होता. पुढे अशा संस्था इतक्या झाल्या, की १८९९ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना निघाली. दिवसा बँकेत किंवा गिरणीत काम करायचं आणि संध्याकाळी तालमीला जायचं, असा हा शिरस्ता. तुमच्या शेजारच्या बाकांवर बसलेल्यांपैकी कितीजणांनी आपल्या गावी कोरसमध्ये उभं राहून हीच गाणी म्हटली असतील!

पडदा उघडतो. समोर टिटिपू नावाचं काल्पनिक जपानी शहर. रंगवलेले पडदे कैद्यांनी केलेले, किमोनो कैद्यांनी शिवलेले. शाळेतून सुटलेल्या तीन मुली लहान लहान पावलं टाकत पंख्याआडून गातात, आणि त्या तिघीही तरुण कैदी आहेत. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या तुम्हाला त्याचं नवल वाटत नाही. दुसऱ्याच कडव्याला तुम्ही त्यांना मुली म्हणूनच पाहू लागता.

गिल्बर्टने जपानचा पोशाख चढवून थट्टा केली ती इंग्लंडच्या सरकारी कारभाराची. टिटिपूत नुसत्या प्रेमचेष्टांना देहदंड आहे. त्याच गुन्ह्यासाठी शिक्षा झालेला को-को हा शिंपी आता मुख्य जल्लाद झाला आहे, कारण शहराचा हिशेब साधा: आधी स्वतःचं डोकं उडवल्याशिवाय तो दुसऱ्याचं उडवू शकत नाही. पू-बाह एकटाच सगळी सरकारी पदं अडवून बसला आहे आणि प्रत्येक पदाचं मत वेगळं देतो. जगातून नाहीसे झाले तरी चालतील अशा लोकांची यादी को-को गाऊन दाखवतो. या यादीत ताजी नावं घालायची रंगभूमीची जुनी चाल आहे. या थिएटरात प्रत्येकाच्या मनात स्वतःची यादी असणार. मग दुसऱ्या अंकात खुद्द मिकाडो, म्हणजे जपानचा सम्राट, येतो आणि गुन्ह्याला शोभेल अशी शिक्षा हे आपलं ब्रीद मोठ्या खुशीत सांगतो. गुन्ह्याविनाच कोंडलेली माणसं ते ऐकताहेत. इथे हसणं म्हणजे न्याय कसा असायला हवा हे विसरलो नसल्याची खूण आहे.

हा प्रयोग अमेरिकेचे बर्लिनमधले राजदूत जेम्स जेरार्ड यांनीही त्या जानेवारीत पाहिला आणि आपल्या आठवणींत नोंदवला. आणखी एक लक्षात ठेवा: १८८६ मध्ये डॉयली कार्ट यांची मंडळी हाच ‘मिकाडो’ घेऊन बर्लिनला आली होती. तेव्हा बर्लिनकर तिकीट काढून ही गाणी ऐकायला गेले होते.

बाहेर या. सुटकेला अजून जवळजवळ दोन वर्षं आहेत. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धविराम झाल्यावर छावणी रिकामी होईल. मॅकमिलन पुढे टोरोंटो सिंफनीचा संचालक होईल, १९३५ मध्ये ‘सर’ होईल.

विनोदी गाण्यांना हलकी म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी रूलेबेन आठवावं. तबेल्यात राहणाऱ्या माणसांना ती गाणी पुन्हा उभी करता आली, कारण गावोगावच्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं ती गाऊन जिवंत ठेवली होती. तुमच्या गावात अशी एखादी हौशी मंडळी तालीम करत असेल, तर तिकीट काढून जा. आणि एखादं तरी गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ असू द्या.