आत्याच्या किडन्या आणि बार्शीची वही

गोष्ट 2002 ची. मी तेव्हा पत्रकारितेच्या डिप्लोमाला होतो. रिसोड तालुक्यातल्या एका खेड्यात माझी आत्या गेली. पाय सुजले, लघवी बंद झाली, शेवटी बोलणंही बंद झालं. गावाने निदान केलं, 'किडन्या गेल्या.' ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. पाळी बंद होऊन काही वर्षं झालेल्या त्या बाईच्या अंगावरून दीड-दोन वर्षं आधी पांढरं, मग लाल जात होतं. तिने ते फक्त माझ्या आईला सांगितलं. आईने आम्हाला सांगितलं ते तेराव्यानंतर.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बाजूला पसरला की किडनीतून लघवी आणणाऱ्या दोन्ही नळ्या दाबतो. लघवी मागे तुंबते, किडन्या निकामी होतात. या आजारात अनेक बायकांचा शेवट असाच होतो आणि खरं कारण लुगड्याआड राहून जातं.

त्या कॅन्सरच्या मुळाशी बहुतेक वेळा एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून पसरतो. आता लगेच बाईच्या चारित्र्यावर जाऊ नका. लग्न झालेल्या, एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईलाही तो होतो. बहुतेकांचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत स्वतःच हाकलतं. काहींमध्ये तो ठाण मांडून बसतो. पुरुषही सुटत नाहीत, घशाचा कॅन्सर त्यातून होतो. याच कुळातले 6 आणि 11 नंबरचे प्रकार क्वचित बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातात. मग लेकराच्या स्वरयंत्रात मस्से वाढतात, आवाज घोगरा होतो आणि पुन्हा पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. घोगऱ्या आवाजामागे असं काही असेल, असं कोणाच्या डोक्यात येणार?

जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी 1983 मध्ये या कॅन्सरमध्ये एचपीव्ही-16 शोधला. नोबेल मिळालं 2008 मध्ये. पण मला जास्त जवळची वाटते ती बार्शीची गोष्ट. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी 1987 पासून खेड्यांमधल्या कॅन्सरची नोंदवही सुरू केली. ग्रामीण भारतातली ती पहिली. पेशंट दवाखान्यात येत नाही म्हणून कार्यकर्ते गावात गेले.

त्याच भागात 1999 पासून मोठा अभ्यास झाला, उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये. मुंबईचं टाटा मेमोरियल, फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था आणि बार्शीचे डॉक्टर. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, चार गट. एका गटाची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हिनेगर लावून तपासणी. चौथ्या गटाची काहीच नाही, नेहमीची व्यवस्था. तपासणी आयुष्यात फक्त एकदा. निकाल 2009 मध्ये आला. आठ वर्षांत या कॅन्सरने चौथ्या गटात 64 बायका गेल्या, एचपीव्ही गटात 34. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही. एचपीव्ही गटात ज्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, त्यांच्यातली एकही बाई त्या काळात या कॅन्सरने गेली नाही.

चौथ्या गटावरून पुढे वाद पेटला. तपासणी न करता बायकांना नुसतं बघत राहणं योग्य होतं का? तेव्हा जिल्ह्यात तशी तपासणीच नव्हती, असं उत्तर देण्यात आलं. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. पण खरं बोलायचं तर आमच्या वाशीममध्ये तेव्हा जी आत्या होती, तीही चौथ्याच गटातली होती. फक्त तिला कोणी मोजलं नाही. जिल्हा होऊन उणीपुरी चार वर्षं झाली होती, 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झालेला.

आज पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक लस आहे, मुलींना संबंध सुरू होण्याआधी द्यायची. पण तिशी-चाळीशी पार केलेल्या बायकांना तपासणीच लागते.

परवा बहिणीला फोन केला. वय 43. 'मला काही होत नाही रे, उगाच पैसे घालवू नको,' म्हणाली. आत्याही आईला हेच म्हणायची. मी भाऊजींना फोन द्यायला सांगितला. पंधरा मिनिटं बोललो, तेही अडखळतच. सोमवारी दोघं वाशीमला येतायत.